चिरलेला ‘म’

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या पहिल्या दिवशी प्रवेशद्वारावर जो फलक लागला होता तो ज्यांनी पाहिला त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना मित्रमैत्रिणींनी एव्हाना सांगितलेलेच असेल. ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द तेथे ‘स्नेहसंभेलन’ असा वाचला जात होता. पहिला तास संपायच्या आत ‘भेळ कुठे मिळते?’ हा विनोद सगळ्या वर्गांतून फिरून पुन्हा आमच्या वर्गापर्यंत आला होता. तो फलक मी केला होता. चूक शुद्धलेखनाची नव्हती, एवढे मी येथे आधीच नमूद करून ठेवते; संगणकात मी ‘म’ हाच टंकलेला होता. त्या ‘म’चा ‘भ’ कसा झाला आणि त्यावरून माझ्या मनात जे विचार आले, ते मांडण्यासाठी हा लेख आहे.

२०२५ साली ‘शोले’ला पन्नास वर्षे झाली. हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. आमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरी त्यातले संवाद आमच्या पिढीलाही पाठ आहेत. तेव्हा समितीने ठरवले की यंदाची सजावट ‘शोले’ची करायची, रंगमंचावर रामगढ उभे करायचे आणि प्रवेशद्वारावरची अक्षरे त्या पोस्टरवरच्यासारखी काढायची. ती अक्षरे आठवून पाहा. डोंगरातून फोडून काढल्यासारखी जाड, ठोकळेबाज, तडे गेलेली, आणि आतून विस्तव पेटल्यासारखी पिवळी-तांबडी. काम माझ्याकडे आले याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मी संध्याकाळी बाजारपेठेतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसते. परीक्षेची फी आणि एस.टी.चा पास त्यातूनच निघतो.

फलक लागल्यावर एका प्राध्यापकांनी मला जवळ बोलावून विचारले, “कला शाखेची विद्यार्थिनी तू. सिनेमाच्या जाहिरातीची नक्कल करून तू काय मिळवलेस?” सरांचा स्वर रागाचा नव्हता, कळकळीचा होता. म्हणूनच तो प्रश्न मला टोचला. त्या वेळी मी गप्प बसले. उत्तर सुचायला मला दोन महिने लागले, त्याबद्दल सरांनी मला क्षमा करावी.

प्रथम नकलेबद्दल. ‘शोले’ची अक्षरे तरी कुठून आली? १९५९च्या ‘बेन-हर’ या अमेरिकन चित्रपटाचे पोस्टर ज्यांनी पाहिले असेल त्यांना चित्रपटाच्या नावाचेच तेथे प्रचंड पाषाणशिल्प झालेले आठवेल. अक्षरे म्हणजे डोंगर, आणि माणसे त्यांच्यापुढे मुंगीएवढी. दोन्ही पोस्टरे शेजारी ठेवली की घराणे एकच आहे हे कोणीही ओळखील. पुढे १९९०नंतर हॉलिवुडच्या पोस्टरांवर ‘ट्रेजन’ नावाचा एक फॉन्ट फार दिसू लागला. १९९७च्या ‘टायटॅनिक’च्या पोस्टरवर तोच आहे. हा फॉन्ट १९८९ साली कॅरल ट्वॉम्ब्ली या बाईंनी तयार केला, आणि तो बेतलेला आहे रोममधल्या ट्रेजन राजाच्या स्तंभाच्या पायथ्याशी कोरलेल्या लेखावर. म्हणजे बुडत्या आगबोटीच्या सिनेमासाठी एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाची अक्षरे उसनी घेतली, आणि कोणी त्याला नक्कल म्हटले नाही. अक्षरे अशीच एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातात. माझ्या हाती ती आली तर बिघडले काय?

दुसरे असे की, सिनेमा आणि रंगारी यांचे नाते आमच्या कोल्हापूर भागात तरी कोणाला समजावून सांगावे लागू नये. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री. ‘पेंटर’ हे आडनाव त्यांना धंद्याने दिले. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढतो, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणतो, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतः रंगवतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी दामले आणि फत्तेलाल हेही मुळात चित्रकारच; त्यांनीच शांताराम वगैरे मंडळींबरोबर १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी केली. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवीत असत. हुसेन यांची चित्रे कलादालनात लागली की ती कला, आणि तोच माणूस परांचीवर चढून नटीचा गाल रंगवीत होता तेव्हा ती जाहिरात. ही वाटणी कोणी केली ते मला अजून कळलेले नाही.

आता संगणकाबद्दल. पुष्कळांची समजूत अशी की हे चित्रे बदलण्याचे सॉफ्टवेअर म्हणजे कार्यालयीन यंत्र. त्यात बटण दाबले की काम होते, त्यात कला कसली. मी जेव्हा त्याची माहिती काढली तेव्हा मला गंमत वाटली. फोटोशॉप हे दोन भावांनी केले. थॉमस नॉल मिशिगन विद्यापीठात संशोधन करीत होता आणि त्याचा भाऊ जॉन नॉल हा ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉर्ज लुकसने काढलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत पडद्यावरचे चमत्कार करण्याच्या कामावर होता. १९९० साली त्यांचा प्रोग्रॅम बाजारात आला. त्यांच्या वडिलांना छायाचित्रणाचा नाद होता आणि घरीच डार्करूम होती. म्हणून तर त्या सॉफ्टवेअरमध्ये उजळ करण्याच्या हत्याराचे नाव ‘डॉज’ आणि गडद करण्याच्या हत्याराचे नाव ‘बर्न’ असे आहे. हे डार्करूममधले शब्द आहेत, फोटो धुणाऱ्या माणसाच्या बोटांचे शब्द. आपल्या महाविद्यालयात जे फुकटचे सॉफ्टवेअर आहे ते ‘गिम्प’. ते बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५च्या सुमारास सुरू केले, आणि त्याचे नाव त्यांनी १९९४च्या ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटातल्या एका पात्रावरून ठेवले. एकाचा जन्म सिनेमाच्या कारखान्यात, दुसऱ्याचे बारसे सिनेमावरून. त्यात बसून सिनेमाची अक्षरे काढणे म्हणजे काही परक्याच्या घरात शिरणे नव्हे.

आता माझा फलक. दहा फूट रुंद आणि चार फूट उंच. मोठा फ्लेक्स लांबून बघायचा असतो, म्हणून इंचाला ७२ ठिपके पुरतात. तरी हिशेब केला तर ८,६४० गुणिले ३,४५६ ठिपके होतात, आणि एका लेयरला सुमारे १२० एमबी जागा लागते. अक्षराला जाडी आणायची साधी युक्ती अशी की तेच अक्षर एकेक ठिपका खाली सरकवत तीस-बत्तीस वेळा एकाखाली एक ठेवायचे. तीस लेयर म्हणजे साडेतीन जीबीच्या वर. आमच्या संगणकाची एकूण स्मरणशक्ती चार जीबी. पहिल्या दिवशी तो दोनदा बंद पडला आणि तिसऱ्यांदा सुरूच होईना. मग रात्री घरी पडल्या पडल्या सुचले, की एक प्रत एक ठिपका सरकवून दोन्ही एकत्र चिकटवायच्या. मग ती जोडी दोन ठिपके सरकवून चिकटवायची. मग चार, मग आठ, मग सोळा. पाच वेळात बत्तीस ठिपक्यांची जाडी तयार, आणि संगणकावर एका वेळी दोनच लेयर. गणितात मला बारावीला काठावर गुण होते. पण त्या रात्री मला फार आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

दगडाचा पोत मी आमच्या गावाच्या ओढ्यातल्या काळ्या कातळाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. तो अक्षरांवर पांघरला, वर पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत उतरत जाणारा रंग चढवला आणि कडा उजळल्या. इथपर्यंत सारे ठीक होते. खरे सांगायचे तर इथपर्यंतचे काम कोणीही करील. दुकानात तर तेही करावे लागत नाही. तेथे तयार फायली असतात. अमुक सिनेमासारखे सोन्याचे अक्षर, तमुक सिनेमासारखे आगीचे, बर्फाचे, रक्ताचे. फाइल उघडायची, जेथे इंग्रजीत ‘तुमचे नाव’ असते तेथे भाऊंचे नाव लिहायचे, आणि सोने आपोआप नावावर चढते. वाढदिवसाचा फ्लेक्स आम्ही दहा मिनिटांत देतो. गोम तेथेच आहे.

गोम अशी, की हे सगळे तयार सोने रोमन अक्षराच्या मापाने बेतलेले आहे. त्यात मराठी नाव घातले की काय होते ते दुकानात मी रोज बघते. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठी असलेली सोय सेटिंगमध्ये जाऊन निवडली नाही, तर पहिली वेलांटी आपल्या जागी न जाता पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते आणि ‘शिव’चे ‘शवि’ होते. असा फ्लेक्स छापला जाता जाता मी स्वतः थांबवला आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला समोर येतो. सिनेमाच्या पोस्टरवर अक्षरे लांब लांब ठेवण्याची फॅशन आहे. ती आकडा वाढवून मराठीला लावली की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द म्हणजे मधले मधले दात पडलेले तोंड दिसते. गिऱ्हाइकाला ते खटकत नाही असे मालक म्हणतात. मला वाटते त्याला खटकते, पण काय खटकते ते सांगता येत नाही.

मला स्वतःलाही सांगता येत नव्हते. ते कळले त्या फलकाने.

‘बेन-हर’च्या इंग्रजी नावातली अक्षरे जमिनीवर उभी आहेत. रोमन अक्षराचा पाय तळाच्या रेघेवर असतो, म्हणून त्याचा डोंगर करता येतो, मनोरा करता येतो; प्रत्येक अक्षर वेगळा धोंडा. आपले अक्षर तसे उभे राहत नाही, ते वरच्या रेघेला लोंबते. वळणीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा आपला शब्द वरून खाली येतो, तळ कसाही वरखाली झाला तरी चालतो, पण वरची दोरी तुटता कामा नये. ‘शोले’ हा शब्द दगडाचा करायचा तर तो धोंड्यांची रांग होत नाही. तो एक सलग तुळई होतो आणि तिच्याखाली अक्षरांचे खांब. मी मात्र इंग्रजी पोस्टर डोळ्यांपुढे ठेवून तडे मारीत बसले होते. एक तडा ‘से’सारख्या जागी चालून गेला असता, मी तो मारला ‘मे’वर, डाव्या खांद्याजवळ, रेघेच्या आरपार. आणि मराठीत ‘म’ आणि ‘भ’ यांत, ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक कसला असतो? रेघ जोडलेली की तुटलेली, एवढाच. पहिलीत बाईंनी हे पट्टी मारून शिकवलेले असते. बारा-तेरा वर्षे शिकून मी ते विसरले, आणि विसरले ते दहा फुटी आकारात.

पडद्यावर लहान आकारात ते लक्षात आले नाही. सकाळी प्रवेशद्वारावर लागल्यावर लक्षात न येणे अशक्य होते.

येथे मला माझ्या मामांबद्दल सांगितले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पण अक्षराशी संबंध आलेली पहिली नव्हे. मामा सातवीनंतर कोल्हापुरात एका सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या पेंटरकडे डबे धुवायला लागले. तेथून ते फलक रंगवायला शिकले. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळांचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, सगळे त्यांनी केले. भिंतीवर सुताला रंग लावून दोघांनी ताणून धरायचे आणि मधोमध उचलून फटका मारायचा, की सरळ रेघ उमटते. लहानपणी त्या सुताचे दुसरे टोक माझ्या हातात असायचे. ते आधी रेघ मारीत आणि मग अक्षरे तिला टांगीत. जाड अक्षराला सावली काढताना ते एकदाही मोजत नसत. मग गावोगाव फ्लेक्सची यंत्रे आली. दोन दिवसांचे काम दोन तासांत, आणि भाव चौरस फुटावर. मामांनी काही वर्षे तग धरला, पुढे एका पाणीपुरवठा योजनेवर टाक्या रंगवायला गेले, आणि आता सहा एकरांच्या मालकाकडे सालाने आहेत. मी फ्लेक्सच्या दुकानात बसते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी त्यावर मला कधी एक शब्द ऐकवलेला नाही, आणि मीही तो विषय कधी काढलेला नाही.

त्या दिवशी दुपारी मी रडत घरी फोन केला. फ्लेक्स पुन्हा छापायला पैसे नव्हते, आणि रात्री पाहुणे यायचे होते. पाच वाजता मामा सायकलवरून आले. पिशवीत ऑइल पेंटचे तीन लहान डबे, टर्पेंटाइनची बाटली आणि दोन ब्रश. खाली उभे राहून ते बराच वेळ वर बघत राहिले.

“काय केलंयस हे?”

“मामा, तडा दाखवायचा होता.”

“तडा दावायला आख्खं अक्षर मोकळं हुतं की. रेघंवरच कशाला मारलीस कुऱ्हाड?”

मी काही बोलले नाही. मग ते म्हणाले, “आणि उजेड कुठनं येतोय गं? दगडावर उजवीकडनं हाय, कडेला डावीकडनं हाय. दोन सूर्य उगावल्यात का तुमच्या कालेजात?”

ते खरे होते. कातळाचा फोटो मी संध्याकाळी काढला होता, उन्हे उजवीकडून पडलेली. कडा उजळताना सॉफ्टवेअरने प्रकाश डावीकडून धरला. शंभर जणांनी तो फलक पाहिला, ‘भ’वर हसले, दोन सूर्य फक्त मामांना दिसले.

शिपाईकाकांनी शिडी आणून दिली. मामांनी डब्याच्या झाकणावर काळा, तांबडा आणि थोडा पिवळा कालवून माझ्या दगडाचा रंग केला. पहिल्या फटकाऱ्यालाच तो इतका जुळला की छपाई कुठे संपते आणि ब्रश कुठे लागतो ते खालून कळेना. त्यांनी तडा बुजवला, रेघ जोडली, आणि मग मला न विचारता ‘मे’च्या पोटात, खाली, एक नवा तडा काढला. तो माझ्या सगळ्या तड्यांपेक्षा खरा दिसत होता. हे सगळे पंधरा मिनिटांत झाले. फ्लेक्सला हात लावायची त्यांची ही पहिलीच वेळ. खाली उतरल्यावर त्यांनी बोटाने त्या कापडाची कड चोळून पाहिली आणि “पोत बरा हाय की” एवढेच म्हणाले.

हे मी मामांची स्तुती व्हावी म्हणून लिहीत नाही. जुने ते सोने असेही मला म्हणायचे नाही. हाताने रंगवलेल्या सगळ्याच पाट्या सुंदर असत असे कोणी म्हणाले तर मी त्यांना आमच्या बाजारपेठेतल्या उरलेल्या दोन पाट्या दाखवीन. आणि फ्लेक्स नसता तर मी आज येथे शिकत नसते, हेही खरे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. मामांना अक्षर कळते आणि संगणक कळत नाही. मला संगणक कळतो आणि अक्षर कळत नाही. आणि आपल्या महाविद्यालयात, जेथे मी मराठी हा विषय घेऊन पदवीचा अभ्यास करते आहे, तेथे या दोहोंपैकी एकही शिकवले जात नाही.

आम्ही भाषेचा इतिहास शिकतो, छंद आणि अलंकार शिकतो, ध्वनिविचार शिकतो. पण ज्या आकारातून ही भाषा रोज डोळ्यांपुढे येते त्याबद्दल आम्हाला कोणी काही सांगत नाही. र. कृ. जोशी यांचे नाव माझ्या वर्गात मी विचारून पाहिले. एकालाही ठाऊक नव्हते. वास्तविक विंडोज संगणकावर वर्षानुवर्षे मराठी दिसली ती त्यांनी घडवलेल्या ‘मंगल’ या फॉन्टमधून. अर्ज, निकाल, शासनाचे आदेश, किती काय आम्ही त्यात वाचले असेल. कमल शेडगे २०२० साली गेले. मराठी नाटकांची नावे वर्तमानपत्राच्या जाहिरातीत त्यांनी अशी काढली की नाव वाचताच नाटकाचा स्वभाव कळावा. शोकांतिकेचे अक्षर वेगळे, फार्सचे वेगळे. त्यांनी ते कुठल्या तयार फायलीतून काढले नाही, प्रत्येक नाव वाचून काढले. मला वाटते ते एक प्रकारचे समीक्षणच होते. नाटकाच्या पेपरात आम्हाला पात्रे, संघर्ष, संवाद यांवर टीपा लिहाव्या लागतात. नावाच्या अक्षरावर टीप लिहायला एकदा तरी सांगून पाहावे.

माझा एक मित्र म्हणतो, हे सगळे आता जुने झाले. यंत्राला तोंडी सांगितले की ते चित्र काढून देते, अक्षरासकट. मी सांगून पाहिले. ‘शोले’च्या अक्षरात ‘स्नेहसंमेलन’ लिही, असे म्हटले. आग उत्तम आली, दगड उत्तम आला, आणि अक्षरांच्या जागी मराठीसारखे दिसणारे पण कुठल्याच भाषेत नसलेले काहीतरी आले. आज ना उद्या ते बरोबरही लिहील, याची मला खात्री आहे. पण ते बरोबर आहे की नाही हे बघायला कोणीतरी लागेलच, आणि त्याला ‘म’ कुठे तुटला तर ‘भ’ होतो हे माहीत असावे लागेल. नाहीतर भेळ आहेच.

तेव्हा सरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. सिनेमाच्या अक्षराची नक्कल करून मी चुकले, आणि चुकले म्हणून मला माझ्या लिपीची शिरोरेषा दिसली. नुसते पुस्तक वाचून ती मला दिसली नसती. तयार फाइल वापरली असती तरी दिसली नसती. दगडाचे अक्षर स्वतः घडवायला बसले, तेव्हाच ते कशावर उभे आहे हा प्रश्न पडला. असा प्रश्न पडणे हे कला शाखेचे काम नव्हे काय?

म्हणून एक मागणी. संगणक कक्ष सध्या वाणिज्य आणि विज्ञान शाखेसाठी आहे. कला शाखेला तो प्रवेशाचे अर्ज भरण्यापुरता उघडतो. तो आम्हाला आठवड्यातून दोन तास मिळावा. ‘गिम्प’ला पैसे पडत नाहीत, देवनागरी जोडाक्षरे त्यात नीट उमटतात, आणि जे संगणक आहेत तेच पुरतील, जाडी आणायची पाच पायऱ्यांची युक्ती मी सगळ्यांना दाखवीन. त्या दोन तासांपैकी पहिला तास मात्र संगणक बंद ठेवून कागद, बोरू आणि पट्टी घेऊन व्हावा. तो तास घ्यायला आपल्या तालुक्यातले फलक रंगवणारे कारागीर बोलवावेत. असे चार-पाच जण तरी अजून आहेत. कोणी शेतमजुरी करतो, कोणी रिक्षा चालवतो, एक जण गणपतीच्या दिवसांत मूर्तींचे डोळे रेखतो. त्यांना व्याख्यात्यांप्रमाणे मानधन द्यावे, शाल-नारळावर भागवू नये.

हे सारे मी एका रविवारी मामांना सांगितले. ते वैरण झाकत होते. वैरणीवर घातलेला तो फ्लेक्स आमचाच होता. संमेलन संपल्यावर मी तो मागून घेतला. तीन महिन्यांच्या उन्हात छपाईचा तांबडा विटून गुलाबी झाला आहे, आणि ‘मे’वर मात्र एक ठसठशीत काळा-तांबडा पट्टा राहिला आहे. मामांनी माझे म्हणणे पुरते ऐकून घेतले आणि विचारले, “सातवी पास माणसाला कालेजात शिकवायला कोण घेतंय, पोरी?”

मला उत्तर देता आले नाही. अर्ज मी प्राचार्यांच्या नावे लिहून कार्यालयात दिला आहे. त्याला आवक क्रमांक पडला आहे.